पान्यावरचा आंकडा

जुन्या घराचा माळा आवरतांना किंवा भंगाराच्या दुकानांत लोखंडाच्या ढिगावरून नजर फिरवितांना एखादा जड, काळपट पाना हातीं लागतो. त्याच्या दांड्यावर १/२ असा आंकडा ठसविलेला असतो. कुतूहलानें त्याच्या तोंडाला फूटपट्टी लावून पाहावी, तर तें तोंड अर्ध्या इंचाचें नसतें. तें जवळजवळ एक इंच भरतें. मग दुसरा पाना उचलावा. त्यावर ३/४ असा आंकडा असतो आणि त्याचें तोंड खरोखरच पाऊण इंच असतें. पाहणारा गोंधळून जातो. पहिला आंकडा खोटा म्हणावा, तर ज्या कारखान्यानें इतका सुबक पाना घडविला त्यानें मापांत एवढी ढोबळ चूक करावी हें संभवत नाहीं. वस्तुतः दोन्ही आंकडे खरे आहेत; मात्र ते दोन निरनिराळ्या वस्तूंचीं मापें सांगतात. एवढी एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे जुना पाना हा नुसता लोखंडाचा तुकडा राहत नाहीं. तो कोणत्या देशांतून आला, कोणत्या यंत्राबरोबर आला आणि साधारणतः कोणत्या काळीं आला, हें तो आपण होऊन सांगूं लागतो. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यांत तर यंत्रयुगाच्या दीडशे वर्षांचा इतिहास या आंकड्यांच्या आधारें वाचतां येतो.

यंत्रें येण्यापूर्वीं वऱ्हाडचा संसार पान्यावांचून सुखानें चालला होता. कापसाची सरकी काढावयाची ती रेच्यावर. आणि रेचा म्हणजे लांकडी रूळ, लांकडी खुंट व लांकडी पाचरी. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धांव तापवून बसविलेली, आणि चाक आंसावरून निसटूं नये म्हणून एक साधी खीळ. सुताराची पाचर आणि लोहाराची मेख एवढ्यावर सारीं जोडकामें भागत. ज्याला आटे पाडले आहेत असा बोल्ट आणि त्यावर फिरणारी चाकी ही जोडी खेड्यांतील लोहाराच्या भात्यापाशीं विरळाच दिसे.

ही स्थिति पालटली ती कापसामुळें. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध माजलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सर्वांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळले. १८६७ मध्यें जी. आय. पी. रेल्वे नागपुरास पोहोंचली. यवतमाळच्या बाजूचा कापूस बैलगाड्यांतून धामणगांव स्टेशनावर जाऊं लागला, आणि लिव्हरपूलच्या बाजारांत अमरावतीच्या नांवावरून ‘ऊमरा’ या नांवानें तो ओळखला जाऊं लागला. त्या वेळीं हा जिल्हा वणीच्या नांवानें चालत असे. १९०५ च्या पुनर्रचनेंत पुसद हा तालुका त्यास जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद अशा गांवीं जिनें आणि प्रेस उभे राहिले. त्यांच्या उंच धुरांड्यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. परंतु त्या धुरांड्यांखालीं जीं यंत्रें चालत त्यांच्या शेंकडों चाक्या आवळणारा पाना मात्र कोणाच्या लक्षांत राहिला नाहीं.

पान्यावरील आंकड्याचें कोडें सोडवावयाचें तर मँचेस्टरपर्यंत जावें लागतें. जोसेफ व्हिट्वर्थ या कारागिरानें लंडन येथें हेन्री मॉड्स्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यांत अनुभव घेऊन १८३३ मध्यें मँचेस्टर येथें स्वतःचा कारखाना काढला. त्या काळीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे. एक बोल्ट हरवला तर तो मूळ कारखान्याकडूनच मागवावा, नाहीं तर यंत्र बंद ठेवावें. व्हिट्वर्थनें अनेक कारखान्यांतले बोल्ट जमविले, त्यांचे आटे मापले, त्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्यें सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें निबंध मांडून सर्व देशाकरितां एकच पद्धति सुचविली. आट्याचा कोन ५५ अंशांचा. पाव इंच जाडीच्या बोल्टावर दर इंचास २० आटे, तीन अष्टमांश इंचाच्या बोल्टावर १६, अर्ध्या इंचाच्या बोल्टावर १२ आणि एक इंचाच्या बोल्टावर ८. कोणतीहि पद्धति त्यानें डोक्यांतून नवी काढली नाहीं. जें चालत होतें त्यांतूनच मध्यम तेवढें निवडलें. म्हणूनच ती कारखानदारांना पटली आणि ब्रिटिश यंत्रें जेथें जेथें गेलीं तेथें तेथें ती गेली.

या पद्धतींत सर्व मापांचें मूळ म्हणजे बोल्टाची जाडी. चाकी केवढी असावी तें जाडीवरून ठरे, आणि पान्याचें तोंड केवढें असावें तें चाकीवरून ठरे. साहजिकच पान्यालाहि बोल्टाचाच आंकडा मिळाला. अर्ध्या इंचाच्या व्हिट्वर्थ बोल्टावरील षट्कोनी चाकीची समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील रुंदी सुमारें ०.९२ इंच असते. म्हणून त्या पान्यावर १/२ असें लिहिलेलें असतें आणि तोंड मात्र इंचाच्या जवळपास भरतें. तीन अष्टमांशाच्या पान्याचें तोंड ०.७१ इंच, पाऊण इंचाच्या पान्याचें सुमारें १.३० इंच. तेव्हां ज्या पान्यावरील आंकडा आणि तोंडाचें माप यांत एवढें अंतर आढळतें, तो पाना बहुधा ब्रिटिश पद्धतीचा. आंकड्याशेजारीं रोमन लिपींतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर असलें तर शंकेला जागाच उरत नाहीं.

येथें आपल्याकडील कारागिरांच्या बोलीचें एक वैशिष्ट्य सांगण्याजोगें आहे. इंचाच्या आठव्या भागाला कारागीर ‘सूत’ म्हणतात. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. व्हिट्वर्थच्या नित्याच्या बोल्टांची चढण नेमकी याच पायऱ्यांनीं जाते. त्यामुळें ज्याला इंग्रजी अपूर्णांक वाचतां येत नव्हते अशा मिस्त्र्यालाहि मँचेस्टरचें कोष्टक तोंडपाठ होण्यास अडचण पडली नाहीं. चार सुताचा बोल्ट म्हटला कीं त्याचा पाना कोणता हें हातालाच ठाऊक असे.

जिनांतील मिस्त्र्याचें काम काय होतें हें पाहिलें म्हणजे या हात-ओळखीची किंमत कळते. वऱ्हाडांत चाललेलें जिन हें मूळ फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसानें १८४० मध्यें पेटंट घेतलेल्या यंत्राच्या जातीचें. ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रजी कारखान्यांनीं तें बांधून हिंदुस्थानांत पाठविलें. चामडें चढविलेला एक रूळ फिरत असतो. त्याच्या अंगाला एक स्थिर सुरी टेंकलेली असते. दुसरी सुरी भरभर वरखालीं होऊन सरकीला टोले देते. रुई रुळाबरोबर ओढली जाते आणि सरकी खालीं पडते. चामडें जसजसें झिजे तसतशी स्थिर सुरी पुनः पुनः रुळाशीं लावून घ्यावी लागे. ती थोडी सैल राहिली तर रुई सरकीसकट जाई. अधिक आवळली तर चामडें तापून जळे. हा सूक्ष्म मेळ साधावयाचा तो पान्याच्या पाव वळशानें. शिवाय सतत हादरणाऱ्या यंत्राच्या चाक्या आपोआप ढिल्या होतात. एखादी चाकी निसटून कापसांत पडली आणि लोखंडावर लोखंड आदळून ठिणगी उडाली, तर जिनांत वणवा पेटावयास वेळ लागत नाहीं. हंगामाच्या दिवसांत मिस्त्र्याची पान्यासह चाललेली फेरी ही म्हणूनच एक प्रकारची राखण असे.

प्रेसची गोष्ट याहून निराळी. सुमारें ४०० पौंडांची गांठ बांधणाऱ्या दाबयंत्राच्या खांबांवरील चाक्या मुठीएवढ्या नव्हे, तर नारळाएवढ्या असत. त्यांच्याकरितां एकतोंडी, आंखूड आणि जाड दांड्याचे पाने असत. ते हातानें ओढून फिरवावयाचे नसून घणानें ठोकून फिरवावयाचे. ज्या जुन्या पान्याच्या दांड्याचें टोंक घणाच्या माराने फुलासारखें पसरलेलें दिसतें, तो कोठल्या तरी मोठ्या दाबाच्या यंत्राच्या सेवेंत होता असें खुशाल समजावें.

कापसानें जिनें आणलीं, तशीच रेल्वेहि आणली. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या कंपनीनें स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनें मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फूट रुंदीचा मार्ग बांधला. लोकांनीं तिला शकुंतला हें लाडकें नांव दिलें. या मार्गावरील वाफेचें इंजिन १९२१ मध्यें मँचेस्टर येथें बांधलेलें होतें. तें १९२३ मध्यें कामावर रुजू झालें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं डिझेल इंजिनानें त्याची जागा घेईपर्यंत धांवत राहिलें. त्या काळच्या ब्रिटिश बांधणीच्या रिवाजाप्रमाणें अशा इंजिनाचे बोल्ट व्हिट्वर्थच्या मापाचे. आतां दोन तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या. ब्रिटनच्या मानक संस्थेनें १९६५ मध्येंच व्हिट्वर्थचे आटे कालबाह्य होत चालले आहेत असें जाहीर करून मेट्रिक मापांचा पुरस्कार केला. म्हणजे व्हिट्वर्थच्या स्वतःच्या देशानें ज्या मापाला निरोप दिला, तें माप त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें वऱ्हाडांतील एका अरुंद रुळांवर रोज कामाला येत होतें. आतां ती गाडीहि धांवत नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत वर्धा ते कळंब हा नव्या रुंद मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. त्याच्या रुळांना जुन्या पान्याची ओळख असण्याचें कारण नाहीं.

रेल्वेच्या पान्यांत आणखी एक जात आढळते. दोन रूळ जेथें एकमेकांस भिडतात तेथें दोन्ही अंगांनीं पट्ट्या लावून बोल्ट आवळलेले असतात. खांद्यावर हातोडा आणि लांब दांड्याचा एकतोंडी पाना घेऊन रोज आपल्या हद्दींतील मार्ग चालत तपासणारा कीमॅन हें भारतीय रेल्वेचें जुनें दृश्य आहे. त्याच्या पान्याचा दांडा लांब असतो तो उभ्या माणसाला फार न वांकतां जोर लावतां यावा म्हणून. रेल्वेच्या मालकीच्या हत्यारांवर पुष्कळदां कंपनीचीं आद्याक्षरें ठसविलेलीं असत, आणि तीं काळ ठरविण्यास फार उपयोगीं पडतात. जी. आय. पी. ही रेल्वे १९२५ मध्यें सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली आणि १९५१ मध्यें ती मध्य रेल्वेंत विलीन झाली. तेव्हां जी. आय. पी. चा ठसा असलेला पाना १९५१ नंतरचा नव्हे एवढें निश्चयानें म्हणतां येतें.

हा झाला एक प्रवाह. तो आगबोटीनें मुंबईस आणि आगगाडीनें वऱ्हाडांत आला. दुसरा प्रवाह सडकेनें आला. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ मध्यें फिलाडेल्फिया येथें आपली निराळी पद्धति मांडली होती. तींत आट्याचा कोन ५५ ऐवजीं ६० अंशांचा होता. गंमत अशी कीं पाव इंच, तीन अष्टमांश, पांच अष्टमांश, पाऊण इंच या मापांत दर इंचाचे आटे दोन्ही पद्धतींत सारखेच आहेत. फक्त अर्ध्या इंचाच्या बोल्टावर इंग्रजी आटे १२ आणि अमेरिकन आटे १३. म्हणून इतर मापांत परक्या बोल्टावर चाकी दडपून चढवितां येते, आणि चढली म्हणून ती बसली असें वाटतें. परंतु कोन निराळा असल्यामुळें तिची पकड खरी नसते. चार सुताच्या बोल्टावर मात्र ती दोन-चार वळशांतच अडून बसते आणि फसवणूक तेथल्या तेथें उघडी पडते.

१९२६ मध्यें फोर्ड कंपनीनें आणि १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबई येथें आपले व्यवसाय मांडले. अमेरिकन मोटारी व मालमोटारी देशांत सर्वत्र पसरल्या, आणि त्यांच्या बैठकीखालच्या हत्यारांच्या थैलींत अमेरिकन पाने आले. अमेरिकन कारखान्यांनीं पुढें पान्यावर बोल्टाच्या जाडीऐवजीं तोंडाचेंच माप छापण्याची चाल पाडली. ज्या पान्यावर ३/४ लिहिलेलें असतें आणि तोंडहि पाऊण इंच असतें, तो या कुळांतला. १९४९ पासून मुंबईंत जोडल्या जाऊं लागलेल्या जीप गाड्यांनीं हेंच कूळ वाढविलें. एकाच गांवांतील जिनाचा मिस्त्री आणि मोटारीचा मिस्त्री यांच्या पेट्यांत त्यामुळें दोन देशांचीं मापें नांदूं लागलीं, आणि एकाचा पाना दुसऱ्याच्या चाकीला लावला कीं चाकीचे कोपरे झिजून गुळगुळीत व्हावयाचे आणि बोटांचीं सालटीं निघावयाचीं.

हा घोळ यवतमाळपुरता नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांना एकमेकांचे सुटे भाग वापरतां येईनात, तेव्हां त्याची खरी किंमत कळली. १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं एक सामायिक आटा मान्य केला. युद्धकाळांतच ब्रिटननें पोलाद वांचविण्यासाठीं व्हिट्वर्थ बोल्टांचीं डोकीं व चाक्या एका मापानें लहान केल्या होत्या. म्हणून त्यानंतरच्या कित्येक ब्रिटिश पान्यांवर एकाच तोंडाशीं दोन आंकडे आढळतात. पुष्कळ लोक अशा पान्याला सदोष समजतात. वास्तविक तो संक्रमणकाळचा साक्षी आहे.

तिसरा प्रवाह मेट्रिक मापांचा. १९५४ मध्यें जमशेदपूर येथें जर्मन कंपनीच्या सहकार्यानें टाटांच्या मर्सिडीज-बेंझ मालमोटारी तयार होऊं लागल्या, आणि १९५६ च्या कायद्यानें भारतानें वजनें व मापें यांकरितां मेट्रिक पद्धति स्वीकारली. १९६९ पासून तर नाशिकची टपारिया टूल्स ही कंपनीहि पाने बनवूं लागली. मिलिमीटरच्या पान्यावर १७, १९, २४ असे पूर्ण आंकडे असतात आणि ते तोंडाचेंच माप दाखवितात. अशा रीतीनें जुन्या मिस्त्र्याच्या एका पेटींत जमिनीच्या थरांप्रमाणें तीन थर सांपडतात: खालीं मँचेस्टरचा, मध्यें अमेरिकेचा आणि वर मेट्रिकचा.

आंकडा पुसला गेला असेल तरी पाना मुका होत नाहीं. प्रथम त्याच्या तोंडाचा दांड्याशीं असलेला कोन पाहावा. षट्कोनी चाकीकरितां घडविलेल्या पान्याचें तोंड बहुधा १५ अंशांनीं तिरपें असतें. कारण असा पाना उलटसुलट लावीत गेलें म्हणजे अवघ्या ३० अंशांच्या जागेंतहि चाकी फिरवितां येते. तोंड साडेबावीस अंशांनीं तिरपें असेल तर तो पाना चौकोनी चाकीचा, आणि म्हणून बहुधा अधिक जुना. नंतर धातू पाहावी. ओतीव पान्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि त्यावरील अक्षरें उठावाचीं असतात. शेतीच्या अवजारांबरोबर अमेरिकन कारखाने असे चपटे, दोन-तीन तोंडांचे पाने देत, आणि त्यांवरचा आंकडा मापाचा नसून अवजाराच्या सुट्या भागाचा असतो. घडीव पोलादाच्या पान्यावर ठसा आंत दबलेला असतो. क्रोम-व्हॅनेडियम या पोलादाचें नांव असलेला पाना दोन महायुद्धांमधील काळाच्या पूर्वींचा सहसा असत नाहीं. रुंद टोंकाच्या बाणाचें चिन्ह असलें तर ती वस्तु एकें काळीं ब्रिटिश सरकारच्या, बहुधा सैन्याच्या, मालकीची होती.

तोंड लहानमोठें करतां येणाऱ्या पान्याचें, म्हणजे आपल्याकडील स्क्रू-पान्याचें, कुलवृत्त याहून मनोरंजक आहे. अमेरिकेंतील वूस्टर येथील लोरिंग कोज यानें १८४१ मध्यें, म्हणजे व्हिट्वर्थच्या निबंधाच्याच वर्षीं, दांड्यालगतच्या मळसूत्रानें जबडा सरकविणाऱ्या पान्याचें पेटंट घेतलें. त्याचे जबडे दांड्याशीं काटकोनांत असतात. इंग्लंडांत रिचर्ड क्लायबर्न याचें नांव अशाच पान्याशीं जोडलेलें आहे. आज घरोघर दिसणारा तिरप्या तोंडाचा स्क्रू-पाना हा स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन याच्या १८९१-९२ च्या पेटंटांचा वंशज. दांतेरी जबड्याचा पाईप-पाना डॅनियल स्टिल्सन या अमेरिकन कारागिराचा. त्याचें पेटंट १८६९ चें. मात्र येथें एक सावधगिरी हवी. पान्यावर पेटंटाची तारीख ठसविलेली असली म्हणजे तो पाना त्या वर्षीं घडला असें नव्हे. तो त्यापूर्वींचा नाहीं एवढेंच त्यावरून ठरतें. तोच ठसा कारखाने पुढें वर्षानुवर्षें वापरीत.

विलायतेंत व अमेरिकेंत अशा पान्यांचा संग्रह करणारांच्या संस्था आहेत. मिसूरी व्हॅली रेंच क्लब ही त्यांतली एक. तेथील संग्राहकास दुर्मिळ वाटतो तो पाना म्हणजे थोड्या संख्येनें निघालेला किंवा चमत्कारिक रचनेचा. परंतु आपल्याकडे याहूनहि दुर्मिळ असा एक प्रकार आहे, आणि त्यावर कोणाचाहि ठसा नसतो. परदेशी पाना मोडला किंवा हरवला म्हणजे मिस्त्री लोहाराकडे जाई आणि मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यांतून नवा पाना घडवून घेई. त्याच्या तोंडांत कानशीच्या खुणा दिसतात. दोन्ही जबडे तंतोतंत सारखे नसतात. दांड्याला कोठें हाताच्या सोयीचा बांक दिलेला असतो. कधीं परदेशी पान्याचेंच तोंड घासून दुसऱ्या मापाचें केलेलें असतें, कधीं अडचणीच्या जागीं पोहोंचावा म्हणून दांडा तापवून वांकविलेला असतो. ओळखपुस्तकांतून अशा पान्यांना स्थान नाहीं. संग्राहक त्यांना बिघडविलेले म्हणून बाजूस टाकतात. वास्तविक अशा एका बांकामागें एक विशिष्ट यंत्र, त्यांतील एक अवघड चाकी आणि ती सोडविण्याकरितां चाललेलें एका माणसाचें डोकें असतें.

येथेंच या विषयाचें खरें महत्त्व आहे. कापसाच्या व्यापाराचा इतिहास लिहावयाचा तर कागद पुष्कळ आहेत. कंपन्यांचे अहवाल आहेत, बाजाराचे भाव आहेत, रेल्वेच्या गांठींचे आंकडे आहेत. १८९७ चा वऱ्हाडच्या कापूस-बाजारांचा कायदा आहे. जिनाच्या मालकाचें नांव दारावर कोरलेलें असे आणि यंत्र करणाऱ्याचें नांव यंत्रावर ओतलेलें असे. पण तें यंत्र पिढ्यान् पिढ्या ज्यानें चालतें ठेवलें त्या मिस्त्र्याचें नांव बहुधा कोठेंहि नाहीं. त्यानें आपलें ज्ञान लिहून ठेवलें नाहीं. तें मुलाच्या किंवा शागीर्दाच्या हातांत दिलें. जिन बंद पडलें, यंत्र मोडींत गेलें, शागीर्द दुसऱ्या धंद्याला लागला, कीं त्या ज्ञानाचा पुरावा म्हणून मागें उरतो तो एवढा पानाच. आणि तो किलोच्या भावानें विकला जातो. भट्टींत मँचेस्टरचा पाना आणि गांवच्या लोहाराचा पाना यांत भेद राहत नाहीं.

जुना पाना जपावयाचा तर त्याला फारसा खर्च नाहीं. थोडा विवेक मात्र लागतो. गंज काढण्यास घासलेटांत भिजवून कापडानें पुसणें पुरेसें आहे. पॉलिशकागदानें किंवा घासचाकावर तो चकचकीत करूं नये. गंजाबरोबर ठसाहि जातो आणि कानशीच्या खुणाहि जातात. तोंडाचें माप घ्यावें, आंकडा व अक्षरें जशींच्या तशीं उतरून ठेवावीं. त्याहून महत्त्वाचें म्हणजे तो कोठें मिळाला, कोणत्या यंत्रावर चालत असे आणि कोणाच्या हातचा होता, हें सांगणारें माणूस हयात आहे तोंवर विचारून घ्यावें. हें माप कॅलिपरनें घेतां येत नाहीं आणि मागाहून तें कोणत्याहि ग्रंथांत सांपडत नाहीं. यंत्रापासून तुटलेला पाना आपला देश सांगूं शकतो, आपला काळहि पुष्कळदां सांगतो. परंतु आपला धनी कोण हें तो सांगूं शकत नाहीं.

जुन्या पान्याच्या दांड्याकडे नीट पाहिलें तर मधला भाग गुळगुळीत झालेला आढळतो. तेथें कारखान्याचा ठसा पुष्कळदां अर्धा पुसून गेलेला असतो. तो पुसला आहे तो वर्षानुवर्षांच्या हाताच्या घर्षणानें. यवतमाळच्या जिनांत आणि शकुंतलेच्या मार्गावर ज्यांनीं आयुष्य घालविलें त्यांच्या हातांची खूण बहुतेक तेवढीच उरली आहे. ती वजनकांट्यावर चढविण्यापूर्वीं एकदां वाचून घेणें हें जड काम नव्हे.